जैन थाळी म्हणजे पनीर नव्हे



मुंबई-गोवा जहाजाच्या सहलीहून परत आल्यापासून मला फोनवर एकच प्रश्न येतोय, "जेवणाची सोय कशी होती हो?" धाराशिव, भूम, परांडा, बार्शी, सगळीकडून हेच. विचारणाऱ्यांचं चुकत नाही. आपल्यात सहल ठरते ती आधी जेवणावरून आणि मग ठिकाणावरून. फोनवर दोन वाक्यांत सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

जेवण भरपूर होतं. "जैन" अशी पाटी लावलेला वेगळा काउंटर होता. कांदा, लसूण, बटाटा, गाजर काही नव्हतं. तरीही माझं म्हणणं असं आहे की त्या पाटीखाली जे मांडलं होतं, त्याला जैन म्हणायला आपण आता नकार द्यायला हवा. आणि ते तसं मांडलं जातं याला जहाजवाल्यांपेक्षा आपणच जास्त जबाबदार आहोत.

आमच्या गटात आठ घरं होती. त्यात माझ्या धाकट्या दिरांची मुलगी. पुण्यात नोकरी करते. तीन वर्षांपूर्वी तिने दूध, दही, तूप, लोणी, पनीर सगळं सोडलं. तिच्या भाषेत ती व्हीगन आहे. पण कंदमूळ ती लहानपणापासूनच खात नाही आणि रात्री जेवत नाही. म्हणजे घरचे नियम सगळे पाळून वर दुधाचा त्याग. जहाजाच्या फॉर्मवर जेवणासाठी एकच चौकट होती, तिथे आम्ही "जैन" लिहिलं आणि तिने पुढे "दुधाशिवाय" असं जोडलं.

पहिल्याच संध्याकाळी जैन काउंटरवर काय होतं? पनीर मखनी, मलई घातलेली डाळ, तुपातला जिरा भात, बटर नान, चीज घातलेला पास्ता, दहीवडे आणि रबडी. तिने एकेक झाकण उघडून पाहिलं. पलीकडे एक "व्हीगन" अशी छोटी पाटी होती. तिथे बटाट्याची भाजी, कांदा-लसणाचं परतलेलं मशरूम आणि गाजराचं सूप. एका काउंटरवर दूध, दुसऱ्यावर कंदमूळ. पोरीने साधा भात, काकडी, उकडलेला मका आणि कलिंगड एवढ्यावर तीन दिवस काढले. सोबत मी बांधून नेलेले खाकरे आणि शेंगदाण्याची चटणी होती म्हणून निभावलं.

यात मला सगळ्यात जास्त लागलं ते आपल्या माणसांचं बोलणं. "दूध काय मांसाहार आहे का?" "आपल्या धर्मात दूध चालतं, हिचं नवीनच काहीतरी." "जहाजावर एवढे नखरे कोण पुरवणार?" हे म्हणणारे सगळे रोज देवदर्शन करणारे. पोरगी कुणाला उलट बोलली नाही. मला मात्र गप्प बसवत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेते. आणि आधीच सांगून ठेवते, मी स्वतः व्हीगन नाही. आमच्या घरी दूध येतं. स्वतःची वकिली मी करत नाहीये.

पहिला मुद्दा, "दूध काय मांसाहार आहे का?"

नाही. पण आपलं अहिंसाणुव्रत फक्त मांसाहारापाशी थांबतं असं कुणी सांगितलं? तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे पाच अतिचार दिले आहेत. दशलक्षण पर्वात दरवर्षी आपण ते ऐकतो. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून कोंडणं, मारणं, कान-नाक वगैरे अवयव कापणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं आणि अन्नपाणी तोडणं. हे पाचही जनावरं पाळणाऱ्या माणसाला समोर ठेवून सांगितल्यासारखे आहेत. सर्वार्थसिद्धी टीकेत अन्नपाननिरोध समजावताना पूज्यपादांनी गाय वगैरे जनावरांचंच नाव घेतलं आहे. आता गोठ्यात जाऊन बघा. पान्हा सुटण्यापुरतं वासरू आईच्या कासेला लावायचं आणि लगेच ओढून बाजूला बांधायचं. याला पाचांपैकी कुठलं नाव द्यायचं ते प्रत्येकीने आपल्या मनाशी ठरवावं.

हे मी शहरात बसून लिहीत नाही. आपला जिल्हा दुधाचा आहे. कुंथलगिरीला देशभूषण-कुलभूषण महाराजांचं दर्शन झालं की माणूस पेढा घेतल्याशिवाय परतत नाही. कुंथलगिरीच्या खव्याला तर भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. एक किलो खव्याला साधारण चार-पाच लिटर दूध आटतं. भूम-वाशीकडच्या कितीतरी घरांनी दुष्काळात पीक गेल्यावर त्या भट्टीवरच दिवस काढले. त्यांच्या पोटावर पाय द्यायला मी सांगत नाही.

पण म्हैस व्याल्याशिवाय दूध देत नाही, आणि व्याली की निम्म्या वेळा रेडकू होतं. त्या रेडकाचं पुढे काय होतं? 2015 पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैस आणि रेडा त्या बंदीत नाहीत. म्हशीचं मांस परदेशी पाठवणाऱ्या देशांत आपला देश आघाडीवर आहे. ते मांस आभाळातून पडत नाही. दुधाचा धंदा आणि तो धंदा एकाच गोठ्यातून निघतात. हे माहीत झाल्यावर एखाद्या मुलीने "मला नको" म्हटलं, तर तिला हसायचं की तिच्या पाठीवरून हात फिरवायचा?

दुसरा मुद्दा, "आपल्या धर्मात दूध चालतं."

चालतं. पण कसलं दूध चालतं, हे आपल्या आजीला विचारा. दूध काढल्यावर अंतर्मुहूर्ताच्या आत, म्हणजे 48 मिनिटांत, ते गाळून तापवलं पाहिजे. त्यानंतर त्याची मर्यादा 24 तास. अशाच दुधाचं विरजण लावायचं आणि त्या दह्याचीही मर्यादा ठरलेली. कच्च्या दह्यात डाळीचा पदार्थ घातला तर तो द्विदल होऊन अभक्ष्य ठरतो. आपल्याकडे महाराजांचा चौका लागतो तेव्हा हे सगळं डोळ्यांत तेल घालून पाळतो की नाही?

मग जहाजावरचं दूध यात कुठं बसतं? ते डेअरीतून टँकरने आलेलं, पिशवीत भरलेलं, बंदरावर चढवलेलं. पनीर कुठल्या दिवसाचं ते वाढणाऱ्यालाही ठाऊक नसतं. चीज तर महिनोन् महिने मुरवलेलं. परदेशी चिजांपैकी काहींत दूध फाडायला वासराच्या जठरातून काढलेलं रेनेट वापरतात. परमेसान नावाचं खरं इटालियन चीज तर त्याशिवाय होतच नाही. आणि दहीवडा? उडदाच्या डाळीचा वडा थंड दह्यात. द्विदलाचं याहून सरळ उदाहरण मला सुचत नाही. ते "जैन" पाटीखाली ठेवलं होतं आणि शोधाचं जेवण जेवतो म्हणणारी आपली मंडळी दुसऱ्यांदा घेत होती.

म्हणजे हिशेब असा लागतो. आपले जुने नियम जी बाई काटेकोर पाळेल, तिला जहाजावर दुधाचा एकही पदार्थ घेता येणार नाही. तिची थाळी आणि माझ्या पुतणीची थाळी एकच होईल. ज्या मुलीला "हिचं नवीनच काहीतरी" म्हणून हिणवलं, तिचं ताट त्या दिवशी सगळ्यांत जुन्या चालीचं होतं.

तिसरा मुद्दा, "जहाजावर एवढं कोण करणार?"

जहाजावर काय काय होतं ते आपणच पाहिलं. रात्री बारालाही खाणं मांडलं जातं. आपल्यासाठी त्यांनी कांदा-लसणाची भांडी वेगळी ठेवली. सूर्यास्तापूर्वी जेवण हवं म्हणून आम्ही आधी कळवलं होतं, तर साडेपाचला काउंटर उघडला. म्हणजे मागितलं की मिळतं. दुधाशिवायचं मिळालं नाही, कारण इतकी वर्षं तिथे गेलेल्या जैन प्रवाशांनी ते मागितलंच नाही. आपण मागितलं पनीर. आचाऱ्याने समज करून घेतला की जैन माणूस म्हणजे कांदा वजा आणि लोणी अधिक.

विमानाचं बघा. तिथे जैन जेवणाचा संकेत वेगळा, व्हीजेएमएल, आणि व्हीगन जेवणाचा वेगळा, व्हीजीएमएल. निदान दोन गोष्टी दोन आहेत हे त्यांनी ओळखलं आहे. पण दोन्ही एकत्र हवं असेल तर तिथेही बोलूनच सांगावं लागतं. सरकारनेही 2022 मध्ये व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम केले आणि पाकिटावर त्याची वेगळी खूण आणली. कारण हिरवा ठिपका दुधालाही चालतो आणि मधालाही. मधालाही, हे लक्षात घ्या. मद्य, मांस आणि मधु या तिघांचा त्याग हा आपल्या मूलगुणांतला. हिरवा ठिपका बघून निर्धास्त होणाऱ्या श्राविकेच्या घरात मध केव्हाच शिरलेला असतो. बिस्किटात, खोकल्याच्या औषधात, सकाळी दुधात घालून खायच्या त्या पोह्यांसारख्या डब्यात. व्हीगन खूण असलेल्या पाकिटात मध नसतो. या एका बाबतीत ती खूण आपल्याला हिरव्या ठिपक्यापेक्षा जवळची आहे. तिच्यात कांदा-लसूण असू शकतो, तेवढं मागे फिरवून वाचायचं.

आणि करायचं तरी काय असतं आचाऱ्याला? डाळीला तुपाऐवजी तेलाची फोडणी. नानऐवजी तेल-तूप न लावलेली पोळी, कारण नानच्या पिठात दही किंवा दूध असतं. पनीरच्या जागी मटकी, हरभरा, चवळी. मलईऐवजी नारळाचं दूध किंवा शेंगदाण्याचा कूट. यात जास्तीचा पैसा नाही आणि जास्तीची मेहनत नाही.

आपल्या मराठवाड्याच्या घरात तर हे रोज होतं. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, बिनलसणाचं पिठलं, हुलग्याचं माडगं, शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची चटणी, संक्रांतीला तिळाची पोळी, वाटेत खायला शेंगापोळी. वरचं तूप नाही घातलं की यातल्या एकाही पदार्थात दुधाचा थेंब नाही. आपल्या आज्यांनी "व्हीगन" हा शब्द ऐकलाही नव्हता. शब्दच मुळी 1944 मध्ये इंग्लंडात तयार झाला. पण कोरडवाहू रानातल्या या थाळीला दुधाची गरज कधी पडलीच नाही. पनीर आपल्या पंगतीत आलं ते हॉटेलांमागून. मग आपल्याच ताटाला परकं आणि पनीरला धर्माचं मानायचं, ही उलटी गंगा कशासाठी?

चौथा मुद्दा, "आजकालच्या पोरांचे नखरे."

हे नखरे फार जुने आहेत. 4 सप्टेंबर 1888 रोजी एक अठरा वर्षांचा मुलगा मुंबईहून विलायतेच्या बोटीत बसला. जाण्यापूर्वी त्याच्या आईने एका जैन साधूंसमोर, बेचरजी स्वामींसमोर, त्याला मांस-मदिरेपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा घ्यायला लावली होती. बोटीवर कुठल्या पदार्थात मांस नाही हे विचारायचाही त्याला धीर होईना. घरून नेलेली मिठाई आणि फळं आपल्या खोलीतच खाऊन त्याने दिवस काढले. तो मुलगा मोहनदास गांधी. माझ्या पुतणीच्या डब्यातले खाकरे त्याच रांगेतले.

पुढची गोष्ट आपण सोयीने विसरतो. याच गांधीजींनी 1912 मध्ये आफ्रिकेत असताना दूध सोडलं. कलकत्त्याचे गवळी गाई-म्हशींचं दूध शेवटच्या थेंबापर्यंत काढण्यासाठी जे क्रूर प्रकार करत, त्याबद्दल वाचून त्यांचं मन उठलं होतं. नंतर मोठ्या आजारपणात कस्तुरबांनी तोड काढली, की प्रतिज्ञा करताना मनात गाय-म्हैस होती, शेळी नव्हती. त्यांनी शेळीचं दूध घेतलं. पण आत्मकथेत त्यांनी सरळ कबूल केलं की प्रतिज्ञेचा शब्द राहिला आणि आत्मा गेला, आणि हे शल्य त्यांना कायम राहिलं.

जैन काउंटरवरच्या पनीर मखनीकडे बघून मला नेमकं हेच म्हणायचं आहे. कांदा-लसणाचा शब्द आपण पाळतो आणि जीवदयेचा आत्मा तिथेच ठेवून येतो. फरक इतकाच की गांधीजींना ते टोचत होतं. आपल्याला टोचतही नाही, वर ज्याला टोचतं त्याला आपण हसतो.

समुद्रावर जाण्याचंही तसंच. 1893 मध्ये वीरचंद राघवजी गांधी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला जैन धर्माच्या वतीने गेले, तेव्हा समुद्र ओलांडला म्हणून आपल्याच समाजातल्या काहींनी त्यांच्यावर गहजब केला. आज आपण त्यांचं नाव अभिमानाने घेतो. आज ज्यांना हसतो, त्यांचं नाव उद्या असंच घेणार असू, तर मधली वर्षं कशाला वाया घालवायची?

आता दोन शब्द व्हीगन मुलामुलींनाही, कारण एकाच बाजूला झापणं मला जमत नाही. बाळांनो, खव्याच्या भट्टीवर उभ्या असलेल्या बाईला मोबाईलवरून खुनी म्हणू नका. तिच्या पदरात चार एकर कोरडवाहू आणि दोन म्हशी आहेत. तिला पर्याय द्यायची ताकद तुमच्यात नसेल तर निदान शिवी देऊ नका. बोलायचंच असेल तर ज्याच्यासमोर पर्यायांची रांग लागलेली आहे त्याच्याशी बोला, म्हणजे आमच्याशी. आणि कंदमुळाला "काहीतरी जुनाट" म्हणणं सोडा. एक कंद उपटला की त्याबरोबर मातीतले किती जीव जातात, हा विचार तुमच्या विचाराचाच सख्खा भाऊ आहे.

मैत्रिणींनो, आपला जिल्हा समुद्रापासून लांब. पण समुद्र आपल्याला परका नाही. तेरचं, म्हणजे जुन्या तगरचं, कापड दोन हजार वर्षांपूर्वी गाड्यांवरून भडोचच्या बंदराला जात होतं. शेजारच्या सोलापुरातल्या दिगंबर जैन घराण्यातले वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीची "लॉयल्टी" बोट 5 एप्रिल 1919 ला मुंबईहून लंडनला निघाली आणि तो दिवस आज देशभर राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. ज्यांच्यातल्या माणसाने इंग्रजांच्या मक्तेदारीत जहाज घातलं, त्यांना जहाजाच्या स्वयंपाकघरात एक वाटी बिनतुपाचं वरण मागायला संकोच वाटावा, हे काही बरोबर नाही.

तेव्हा पुढच्या वेळी काय करायचं ते सांगते. तिकीट काढतानाच, निदान तीन-चार आठवडे आधी, लेखी कळवायचं. जहाज एकदा सुटलं की मधे कुठला बाजार लागत नाही, जे बंदरावर चढलं तेवढंच. नुसतं "जैन" किंवा नुसतं "व्हीगन" लिहू नका. सरळ लिहा: कांदा, लसूण, बटाटा आणि जमिनीखालचं काही नको. मशरूम नको. दूध, दही, तूप, लोणी, पनीर, चीज, दूध पावडर नको. मध नको. जेली-पुडिंगातलं जिलेटिन नको. बाटलीतल्या सॉसमध्ये मासळी नको, कारण थाई आणि विलायती सॉसमध्ये ती पुष्कळदा असते. सूर्यास्तापूर्वी वाढा. पळी वेगळी ठेवा. जहाजावर चढल्यावर पहिल्याच तासात मुख्य आचाऱ्याला भेटून तोच कागद हातात द्या.

आणि हे फक्त व्हीगन मुलीने करायचं नाही. एकटीने मागितलं तर तो नखरा ठरतो, आठ घरांनी मागितलं तर तो काउंटर होतो. आमच्या महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. मंडळाच्या नावाने जी सहल निघेल, मग ती जहाजाची असो, रेल्वेची असो की बसची, तिच्यात दुधाशिवायची आणि कंदमुळाशिवायची एक पूर्ण थाळी असलीच पाहिजे. भाकरी, वरण, उसळ, पालेभाजी, चटणी, भात. ज्यांना रबडी हवी त्यांनी रबडी घ्यावी, मी कुणाच्या वाटीत हात घालत नाही. पण आपल्यातली जी मुलगी आपल्यापेक्षा एक पाऊल पुढे जाऊन जीवदया पाळते, ती आपल्याच पाटीखालून उपाशी परत जाणार नाही, एवढी जबाबदारी आपली.

तुमच्या गावच्या मंडळातही हा विषय काढा. विरोध होईल. झाला तर तो अन्नपाननिरोधाचा अर्थ त्यांनाच विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका.